पुरंदरचा तह आणि आपली मावळ खोरी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कुलवृत्तांत छापण्याची जुनी प्रथा आहे. तिचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु गेल्या अनेक वर्षांचे अंक एकत्र वाचले असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती ज्ञातिबंधुभगिनींच्या सेवेशी प्रथमच निवेदन करितो. आपल्या घराण्यांपैकी कित्येकांचे पूर्वज सिंहगडाच्या कड्यावर चढले आहेत, काही उंबरखिंडीत लढले आहेत, काही शाइस्तेखानाच्या लाल महालात शिरले आहेत. इसवी सन १६६५ च्या पावसाळ्याच्या तोंडी किल्ल्याच्या किल्ल्या शत्रूच्या स्वाधीन करून, गाठोडे डोक्यावर घेऊन गड उतरलेला पूर्वज मात्र एकाही घराण्यात आढळत नाही. तेवीस किल्ले खाली झाले, शेकडो माणसे उतरली. ती सारी निपुत्रिक वारली की काय, असा प्रश्न पडावा!

आमच्या घरी आमची आजी सांगत असे, की आपली मूळ माणसे तिकोन्याच्या घेऱ्यातली. एका पावसात ती गडावरून उतरली आणि कोळवण खोऱ्यात येऊन राहिली. एवढे सांगून ती थांबे. पाहुण्यांपुढे ही गोष्ट निघाली की आमचे वडील विषय बदलीत. त्यांना तिची लाज वाटत होती, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. त्या लाजेचा विचार करण्यासाठीच हा लेख लिहिण्याचे योजिले.

पुरंदरचा तह समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. ज्या मुलुखावरून हे सारे झाले, तो कोणाचा, हाच मुळात वाद होता. अहमदनगरची निजामशाही १६३६ साली बुडाली आणि तिचे राज्य शहाजहान व विजापूरचा आदिलशहा यांनी वाटून घेतले. पुणे, चाकण आणि कोकणपट्टी आदिलशाहीकडे आली. शहाजीराजांना माहुलीचा किल्ला सोडून विजापूरची चाकरी पत्करावी लागली. पुढे १६५७ साली औरंगजेबाने विजापुरावर स्वारी केली, तेव्हा हेच निजामशाही कोकण आदिलशहाने मोगलांना देण्याचे कबूल केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि १६५८ च्या आरंभी माहुली घेतला. म्हणजे कागदावर ज्याने मुलूख दिला त्याच्या हाती तो नव्हता, ज्याने घेतला त्याला तो मिळाला नव्हता, आणि ज्याच्या ताब्यात होता त्याला कोणी विचारले नव्हते. मोगल म्हणत, हे आमचे. कारण निजामशाहीचे जे ते आमचे. महाराज काय म्हणत, हे सांगण्यास मावळातल्या माणसाला दप्तर उघडावे लागत नाही. येथे राहतो, कसतो आणि राखतो त्याचा मुलूख, एवढे त्यालाही कळत होते.

शाइस्तेखान १६६० च्या मे महिन्यात पुण्यात येऊन बसला, त्याने चाकण घेतले, मोगलांनी १६६१ मध्ये कल्याण परत घेतले, आणि १६६३ च्या एप्रिलात लाल महालातून खान बोटे गमावून गेला. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. हा भाग सर्वांस पाठ आहे, पुढे जाऊ.

सुरतेच्या बातमीनंतर औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांची दक्षिणेवर नेमणूक केली. नेमणूक १६६४ च्या सप्टेंबर अखेरची; १६६५ च्या मार्चच्या ३ तारखेस मिर्झाराजे पुण्यास पोहोचले. हा सरदार आधीच्यांहून वेगळा होता. त्याची पन्नाशी उलटलेली, तीन बादशहांची चाकरी झालेली. तलवार काढण्यापूर्वी त्याने पत्रे काढली. विजापूर दरबारास त्याने धमकी व आशा दोन्ही दाखवून महाराजांपासून तोडले. गोव्याचे पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी, उत्तर कोकणातले कोळी संस्थानिक, जावळीच्या मोऱ्यांचे उरलेले आप्त, अफजलखानाचा मुलगा, ज्याचे म्हणून महाराजांशी वैर होते त्या प्रत्येकाकडे त्याची माणसे गेली. बलाढ्य राज्य लहान शेजाऱ्याला नमवू पाहते, तेव्हा त्याचे पहिले शस्त्र तोफ नसते. शेजाऱ्याचे शेजारी हे त्याचे पहिले शस्त्र असते. हे मिर्झाराजांच्या स्वतःच्या पत्रव्यवहारावरून दिसते. त्यांच्या मुनशीने लिहिलेली ती फारसी पत्रे जपून राहिली आहेत.

मार्चच्या अखेरीस दिलेरखान पुरंदराखाली आला. पुरंदरास लागून असलेला रुद्रमाळ, म्हणजे वज्रगड, १४ एप्रिल रोजी पडला. त्यावर तोफा चढल्या, आणि पुरंदराची माची त्यांच्या माऱ्यात आली. मुरारबाजी देशपांडे यांनी निवडक सातशे माणसांनिशी दिलेरखानाच्या छावणीवर घातलेला छापा आणि त्यांचे मरण हे आपल्या मुलांना माहीत आहे. जे माहीत नाही, आणि पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले जाते, ते आम्ही सविस्तर सांगणार आहोत. कारण ते आपल्या अंगणात घडले.

पुरंदर पडत नाही असे पाहून मिर्झाराजांनी गाव जाळण्याचे ठरविले. २५ एप्रिलच्या सुमारास दाऊदखान कुरेशी सहा हजार स्वार घेऊन निघाला. रोहिड्याच्या आसमंतात त्याने सुमारे पन्नास गावे जाळून उजाड केली. तेथून राजगडाकडे, तेथून शिवापुराकडे, तेथून कोंढाण्याकडे, वाटेत गाव दिसेल ते जाळीत ही फौज गेली. दुसरीकडून कुतुबुद्दीनखान कुवारीगडाच्या परिसरात आला. कुवारी म्हणजे आपला कोरीगड, आंबवण्याजवळचा. ज्याच्या माथ्यावर कोराईदेवीचे देऊळ व दोन तळी आहेत तो. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही फौजा लोहगडापाशी एकत्र झाल्या. गडावरून पाचशे स्वार व हजार पायदळ त्यांच्यावर चालून आले, लढाई झाली, परंतु तीनंतर मोगलांनी लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चारही गडांच्या पायथ्याची गावे जाळली, गुरे हाकून नेली, माणसे धरून नेली.

तारखा पुन्हा पाहाव्या. एप्रिलची अखेर व मेचा पहिला पंधरवडा. आपल्याकडे हे राब भाजण्याचे दिवस. शेतकरी शेणी, पालापाचोळा पसरून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतो. खोऱ्यात जिकडे तिकडे धूर दिसतो. त्या वर्षीही धूर दिसला. घर गेले, बैल गेले, आणि पुढे महिन्याभरात मृग. बैलांवाचून चिखलणी कशी करावयाची, हा प्रश्न त्या माणसांपुढे होता. पुरंदराच्या तहाचा विचार करताना विद्वान मंडळी होन मोजतात. आम्ही मावळातले असल्याने आम्हांस आधी बैल आठवतात.

महाराजांनी रघुनाथपंतांना बोलणी करण्यास पाठविले. मिर्झाराजांचे म्हणणे एकच, राजांनी स्वतः यावे. अभयाची शपथ मिळाल्यावर ११ जून रोजी महाराज पालखीतून, मोजक्या माणसांनिशी, मोगल छावणीत गेले. तेथे काय घडले ते ऐकण्याजोगे आहे. मिर्झाराजांचा डेरा असा लावलेला होता, की आतून पुरंदरावरील झुंज दिसावी. आणि महाराज पोहोचताच हल्ला करण्याचा इशारा आगाऊ देऊन ठेवलेला होता. म्हणजे इकडे तहाची बोलणी, आणि तिकडे डोळ्यांसमोर आपली माणसे मरत आहेत. महाराजांनी गड देऊ केला आणि ती कत्तल थांबविली. मध्यरात्रीपर्यंत घासाघीस चालली. छावणीत निकोलाओ मनुची नावाचा एक इटालियन तोफखान्याचा माणूसही होता. महाराजांशी आपले बोलणे झाल्याचे त्याने आपल्या वृत्तांतात नोंदविले आहे.

ठरले ते असे. तेवीस किल्ले व त्यांखालचा चार लक्ष होनांचा मुलूख बादशहाकडे जावा. बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहावा. संभाजीराजांना, जे त्या वेळी आठ वर्षांचे होते, पाच हजारांची मनसब मिळावी. स्वतः महाराजांना मनसबीतून सूट असावी, परंतु दक्षिणेत बोलावतील तेव्हा त्यांनी फौजेसह चाकरी करावी. याशिवाय विजापूरकरांचा कोकणातील व बालाघाटातील मुलूख महाराजांनी जिंकून घ्यावा आणि त्याबद्दल बादशहास चाळीस लक्ष होन हप्त्यांनी द्यावे, असेही एक कलम होते. हे शेवटचे कलम वरवर उदार दिसते. त्याचा अर्थ इतकाच, की एका लहान राज्याचे दात दुसऱ्या लहान राज्याच्या मानेत रोवून ठेवावे, म्हणजे दोघे कधी एक होणार नाहीत. मिर्झाराजांनी हा हेतू बादशहास लिहून कळविला होता.

पुरंदर खाली झाला तेव्हा सुमारे सात हजार माणसे गडाबाहेर पडली. त्यांत लढणारी चार हजार. उरलेल्या बायका, मुले, म्हातारी माणसे. हा आकडा आम्ही पुष्कळ वर्षे वाचत होतो, परंतु तो आमच्या मनात कधी उतरला नव्हता. तीन हजार न लढणारी माणसे दोन महिने तोफांखाली गडावर होती! महाराजांनी कशासाठी सही केली, याचे उत्तर इतिहासकार अनेक देतात. त्यांत हे उत्तर आम्ही पहिले धरतो.

आता आपल्या खोऱ्यांकडे येऊ. दिलेल्या तेवीस किल्ल्यांत पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, रोहिडा, माहुली यांबरोबर लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना होते. राखलेल्या बारांत राजगड, तोरणा, रायरी, लिंगाणा, घोसाळा, भोरप आणि आपला कुवारी. जे वाचक कोरीगडावर गेले असतील त्यांनी स्मरण करावे. उत्तरेच्या तटावर उभे राहिले असता स्वच्छ दिवशी समोर तुंगाचा सुळका, त्यामागे तिकोना, आणि पलीकडे लोहगड-विसापूरची जोडी दिसते. म्हणजे १६६५ च्या जूनपासून हा तट स्वराज्याची कड झाला, आणि समोरच्या गडांवर परके निशाण लागले. कोरीगडावरच्या पहारेकऱ्याला ते रोज दिसत असले पाहिजे. तहाची रेघ दूर कोठे दिल्ली-विजापुराच्या दरम्यान ओढलेली नव्हती. ती मुळशी आणि पवन मावळाच्या मधून गेली होती. लेक अलीकडे दिलेली आणि माहेर पलीकडे, अशी घरे त्या रेघेने दुभंगली असतील यात आम्हांस संशय नाही.

येथे एक जुनी कबुली देतो. आम्ही सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. त्यांतील बरीच वर्षे चौथीचा वर्ग आमच्याकडे असे. पुरंदराचा पाठ आला की आम्ही तो घाईने उरकून आग्ऱ्याच्या पेटाऱ्यांकडे वळत असू. एके वर्षी एका मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, म्हणजे महाराज हरले का?” आम्ही त्याला खाली बसविले. महाराज हरत नसतात, असे त्यास सांगितले, आणि थोडे रागानेच सांगितले. मुलगा बसला. त्याचा चेहरा आम्ही विसरलो नाही. त्याने विचारले ते योग्य होते आणि आम्ही उत्तर दिले नव्हते. निवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली, तेव्हा त्या उत्तराचा शोध घेतला. आज तो मुलगा चाळिशीचा असेल. त्याला आम्ही असे सांगितले असते: होय बाळ, त्या वर्षी महाराज हरले. हरले हे त्यांना समजले, आणि हरल्यावर काय हातचे ठेवावयाचे हेही त्यांना समजले.

हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. जगात लहान राज्यांना मुलूख सोडावा लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. १९३८ च्या सप्टेंबर अखेरीस म्युनिक येथे हिटलर, मुसोलिनी आणि इंग्लंड-फ्रान्सचे पंतप्रधान बसले, आणि झेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत जर्मनीस देण्याचे ठरवून मोकळे झाले. ज्यांचा मुलूख त्यांना बैठकीत आसनही नव्हते. झेकांची सरहद्दीवरची पक्की ठाणी नेमकी त्याच प्रांतात होती; ती गेली, आणि सहा महिन्यांच्या आत, १९३९ च्या मार्चमध्ये, जर्मन फौजा राजधानीत शिरल्या. महाराज मात्र डेऱ्यात स्वतः जाऊन बसले. पुष्कळ गेले, परंतु राजगड, तोरणा व रायरी हा गाभा त्यांनी राखला. चार गेले, एक उरला. तो एक असा निवडला, की त्यातून उरलेले पुन्हा उगवावे.

आपल्याच इतिहासातला उलट दाखला तर अधिक बोचणारा आहे. त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या कैदेतून निसटल्याचे निमित्त करून एल्फिन्स्टनने १८१७ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजीरावाकडे सिंहगड, पुरंदर व रायगड ओलीस मागितले. बाजीरावाने ते दिले. पाठोपाठ १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला, आणि मराठमंडळाचे पुढारपण सोडल्याचे त्याने लिहून दिले. पुरंदरचा तह १३ जून १६६५ चा म्हणून सांगतात. तारखेचा हा योगायोग मनास चटका लावतो. दोन्ही वेळा दाब तोच, किल्ल्यांची नावेही काही तीच. परंतु बाजीरावाने गाभाच आधी देऊन टाकला, आणि वर्षाच्या आत पेशवाई संपली. कोरीगड १८१८ च्या मार्चपर्यंत होता. कर्नल प्रॉथरच्या तोफेने दारूकोठार उडाल्यावर १४ तारखेस तो पडला. कोराईदेवीचे दागिने तेव्हा मुंबईस मुंबादेवीकडे गेले, अशी कथा आपल्या भागात सांगतात.

तहानंतरची पाच वर्षे वाचताना पुष्कळांची गफलत होते, की ही वर्षे रिकामी गेली. महाराजांनी १६६५ च्या सप्टेंबरात बादशहाचे फर्मान तीन कोस पायी जाऊन स्वीकारले. विजापूरच्या मोहिमेत मोगलांच्या बाजूने फौज नेली. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. १२ मे रोजी आग्ऱ्याचा दरबार, ऑगस्टात तेथून सुटका. मिर्झाराजे १६६७ साली बऱ्हाणपुरास वारले; ज्या बादशहासाठी त्यांनी हे सारे केले, त्याची मर्जी शेवटी त्यांच्यावर राहिली नव्हती. परत आल्यावर महाराजांनी सुमारे तीन वर्षे मोगलांविरुद्ध शस्त्र उचलले नाही, त्यांच्याशी समेट ठेवला, आणि राज्याची घडी बसविण्याकडे लक्ष दिले. जळालेल्या खोऱ्यांत पुन्हा बैल आले, पुन्हा राब भाजले गेले, ते याच काळात असले पाहिजे.

मग १६७० उजाडले. फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, मार्चमध्ये निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर घेतला, मेमध्ये लोहगड आला, जूनमध्ये माहुली. दिलेरखान आणि शहजादा मुअज्जम यांचे त्याच सुमारास आपसांत बिनसले होते, याचाही उपयोग झाला. इतक्या झपाट्याने किल्ले परत कसे आले, याचे कारण आमच्या अल्पमतीप्रमाणे असे: किल्ल्यावरची शिबंदी बदलली होती, परंतु घेरा बदलला नव्हता. खालच्या गावांत तीच माणसे राहात होती, जी पाच वर्षांपूर्वी उतरली होती. चोरवाट कोणती, टाक्यात पाणी किती महिने टिकते, कोणत्या बाजूचा तट ढासळलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते. मोगल किल्लेदाराला सरपण, दूध, भाजीपाला त्यांच्याकडूनच घ्यावा लागत असणार.

म्हणून आमच्या वडिलांच्या लाजेचा आम्ही पुष्कळ विचार केला. जो हुकूम आला असता चढतो त्याचे पोवाडे झाले. ज्याला हुकूम आला की न लढता उतर, आणि जो उतरला, त्याचे काय? लढून मरण्यास तयार असलेल्या माणसाने धन्याच्या शब्दासाठी गडाची किल्ली परक्याच्या हाती द्यावी, पावसात बायकामुलांस घेऊन खाली यावे, जळक्या घराच्या जोत्यावर पुन्हा कूड घालावा आणि पाच वर्षे गप्प राहावे, हे सोपे होते काय? त्या तेवीस गडांपैकी एखाद्या किल्लेदाराने हट्ट धरला असता, तर तह मोडला असता आणि उरलेले बारा गडही गेले असते. आम्हांस आज असे वाटते, की तिकोन्यावरून उतरलेला आमचा तो अनाम पूर्वज कुलवृत्तांतात पहिल्या पानावर हवा होता. वडील हयात असते तर त्यांच्याशी यावर बोललो असतो.

लांबण पुष्कळ लागली. आता एक विनंती. मुळा खोऱ्यातील कित्येक जुनी गावे मुळशीच्या धरणाखाली गेली. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाची ती कहाणी निराळी आहे आणि ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्या गावांबरोबर घरांतील कागदही गेले. पवनेच्या धरणात तसेच झाले. तरीही आपल्या काही घरांत माळ्यावर, देवघराच्या फडताळात मोडी कागदांची बाडे अजून आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. ती वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नयेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करीत आले आहे. मोडी वाचणारी तरुण मंडळीही आता पुष्कळ आहेत. विशेषतः कोळवण, पौड, मुठा व मोसे खोऱ्यांतील ज्ञातिबांधवांनी शके १५८७ ते १५९२ या सालांचा एखादा कागद घरी असल्यास पाहावा. कोणाच्या आजीने गड उतरल्याची गोष्ट सांगितली असेल, तर तीही लिहून संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवावी. पुढील वर्षीच्या अंकात ती सारी एकत्र छापण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे.